सावली मोजणारी काठी

फार फार वर्षांपूर्वी एक नगर होतं. नगरात व्यापारी राहायचे आणि नदीपलीकडच्या डोंगरात कोळसा पाडणारे लोक. रंगाने काळेभोर, बोलीने वेगळे. त्यांचा कोळसा नगराला चालायचा, ती माणसं मात्र डोळ्यांत खुपायची.

नगराच्या न्यायाधीशाला आपल्या न्यायाचा भारी अभिमान. एखाद्या पोराने गुन्हा केला की त्याला चौकात उभं करायचं आणि त्याची सावली आजोबांच्या वेळच्या काठीने मोजायची. सावली काठीच्या आत राहिली तर ते मूल. त्याला रागवायचं, चार कामं सांगायची आणि घरी पाठवायचं. काठीच्या बाहेर गेली तर तो मोठा माणूस. त्याला जन्मभर दगडाच्या खाणीत.

"सावली सगळ्यांची काळीच असते," न्यायाधीश म्हणायचा. "ती ना घर बघते, ना कातडीचा रंग. याहून चोख न्याय कुठे आहे का?"

लोक माना डोलवायचे.

आता शहाण्या वाचका, तुला एक सांगायचं राहिलंच. त्या चौकात नगरातल्यांचा निवाडा आधी व्हायचा, भर दुपारी. पलीकडच्यांनी मागे थांबायचं, हा रिवाज. त्यांची पाळी येईपर्यंत उन्हं कललेली असत. नगरातली माणसं ऊन पाहून जेवायला बसणारी, पण हे एकालाही दिसलं नाही. सोयीचं असलं की डोळ्यांवर कातडं ओढून घेता येतं.

एकदा दोन पोरांनी खेळता खेळता राजाच्या घोड्यांसाठी रचलेली गवताची गंजी पेटवून दिली. एक नगरशेटचा मुलगा वल्लभ, दुसरी कोळसेवाल्यांची सोनकी. दोघं एकाच वयाची, एकाच उंचीची. विस्तव तिने आणला होता, फुंकर त्याने घातली होती.

दुपारी वल्लभ चौकात उभा राहिला. सावली पायाशीच. "लेकरू आहे," न्यायाधीश हसून म्हणाला. नगरशेटने पोराचा कान धरला आणि त्याला बाजूला घेतलं.

सोनकीची पाळी संध्याकाळी आली. तिची सावली काठी ओलांडून थेट पिंपळाच्या पारापर्यंत गेली. शिपायाने तिच्या हातांना दोर बांधला. पोर हमसून रडू लागली. "आये, मला घरी ने गं."

तिची आई पुढे झाली. "म्हाराज, माझी पोर सकाळधरनं हितंच हुबी हाय. दुपारी तिची सावली तिच्या पायाखाली हुती. तवा का न्हाई मोजली?"

"तेव्हा तिची पाळी नव्हती."

"मंग आता त्या शेटच्या लेकाला हिच्या शेजारी हुबं करा."

लोक हसले. न्यायाधीशही हसला, इतका त्याचा काठीवर विश्वास. वल्लभला सोनकीशेजारी उभं केलं. दोन्ही सावल्या पारापर्यंत गेल्या. शिपाई दुसरा दोर घेऊन पुढे आला.

"अहो, थांबा!" नगरशेट ओरडला. "अजून दुधाचे दात पडताहेत त्याचे! लहान आहे तो, डोळ्यांनी दिसत नाही का?"

"दिसतंय की," आई म्हणाली. "माझी बी तेवढीच हाय. तिच्या येळंला का न्हाई दिसलं?"

न्यायाधीशाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरांच्या तोंडाकडे पाहिलं. दोघंही सारखीच घाबरली होती, दोघांचीही नाकं गळत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने काठी गुडघ्यावर धरून मोडली, सोनकीचा दोर स्वतः सोडला आणि दोघांना एकच शिक्षा दिली: नवी गंजी उभी राहीपर्यंत दोघांनी मिळून गवत वाहायचं.

मग तो खाणीकडे गेला आणि त्याने दार उघडायला लावलं. आत सगळे पलीकडचेच होते. काही अजून पोरंच होती, ती डोंगराच्या दिशेने धावत सुटली. काहींचे केस पिकले होते. त्यांतला एक दारात घुटमळला आणि न्यायाधीशाला विचारू लागला, "माझी आय आलीय का मला न्यायला?"



म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या लेकराला ज्या काठीने मोजायचं, ती आधी त्याच उन्हात आपल्या लेकराला लावून बघावी.