सारजा कासारणीची दाढ

“...आणि ठणका लागला तर?”

“अक्कलकारा आणि लवंग, सारख्या भागानं. बारीक पूड करून दाढेशी दाबून धरायची.”

“मग?”

“मग ठणका थांबतो.”

“मग?”

मार्तंड हसला. “मग माणूस घरी जातो, बुवा.”

धुंडीबुवा दातणासाठी बाभळीच्या काड्या सोलत होते. हातातली काडी त्यांनी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

टेकडीवरच्या या मठात दातांचं औषध मिळतं, हे आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. मठाची एक रीत होती. शिष्य तयार झाला की गुरू औषधांचा बटवा त्याच्या पुढ्यात ठेवायचा. बोलायचा काही नाही. शिष्यानं बटवा उचलायचा, दुसरं गाव गाठायचं आणि तिथल्या लोकांची तोंडं सांभाळायची.

मार्तंडाच्या मागून आलेले शिष्य बटवा घेऊन गेले होते. मार्तंड अजून साली कुटत होता.

“हिरडी सुजली तर बकुळीच्या सालीचा काढा,” तो म्हणाला. “रक्त येत असेल तर तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. दात हलायला लागले तर तिळाचं तेल तोंडात धरायचं. आणखी काय राहिलं माझं शिकायचं? विचारा.”

बुवांनी विचारलं नाही.

“खंडेरायाला तुम्ही बटवा दिलात. त्याला बकूळ कुठली आणि बाभूळ कुठली, सालीवरून ओळखता येत नव्हती.”

“तो विचारायचा.”

“मला विचारावं लागत नाही.”

“हं...” बुवा म्हणाले.

तेवढ्यात पायऱ्यांवर काकणांचा आवाज झाला. सारजा कासारीण वर येत होती. गावोगावच्या बाजारात बांगड्या भरणारी ही बाई एरवी पायथ्यापासून बोलत यायची. आज गप्प होती. पदर गालावरून घेऊन डोक्यावर करकचून बांधला होता. तिनं टोपली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

“धाकले महाराज, काहीतरी द्या बाई. दोन दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही. आज तालुक्याचा बाजार आहे. बांगडी चढवताना बाया ओरडतात, ते ठीक. आज मीच ओरडायची.”

मार्तंडानं बुवांकडे पाहिलं.

“तू दे,” बुवा म्हणाले.

“कुठली दाढ?”

सारजानं पदरावरूनच गालावर बोट ठेवलं. “ही.”

मार्तंडानं अक्कलकारा-लवंगेच्या पुडीतली चिमूट तिच्या तळहातावर ठेवली. “दाबून धरा. गिळू नका. लाळ सुटेल, ती थुंकून टाका.”

तिनं तसं केलं. थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग कपाळावरची आठी सुटली. तिनं पदराची गाठ सोडली, गाल चाचपला, जीभ आत फिरवली.

“गेलं,” ती म्हणाली. “अख्खी बाजूच गेली. गाल माझा आहे का शेजारणीचा, कळंना.”

मार्तंड हसला. सारजाही एका बाजूनं हसली. ती आधी मार्तंडाच्या पाया पडली, मग बुवांच्या. टोपली डोक्यावर घेऊन बोलत बोलत पायऱ्या उतरली.

पाया पडण्याचा क्रम मार्तंडाच्या लक्षात आला होता. तो बुवांसमोर येऊन बसला. बटवा बुवांच्या कमरेलाच होता.

“पाहिलंत ना?”

“मी पाहिलं. तू काय पाहिलंस?”

“तिचं दुखणं गेलं.”

“तोंडात काय होतं?”

“तिनं बोटानं दाखवली दाढ.”

“बाहेरून.”

मार्तंडानं पायऱ्यांकडे पाहिलं.

“तिला परत आण,” बुवा म्हणाले.

“कशाला? बरी झाली ती.”

“तिचं दुखणं तू ठेवून घेतलंस. तिला ते लागेल.”

मार्तंड रागानं उठला, पण गेला.

पायथ्याशी तालुक्याला जाणारी काळीपिवळी उभी होती. सीट भरल्याशिवाय ती हलत नसे. सारजा मागच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

“बुवांनी वर बोलावलंय,” मार्तंड म्हणाला.

“का हो?”

“दाढ बघायची आहे.”

“आता काय बघायची? दुखत होती तेव्हा कुणी बघितली नाही.”

शेजारचा म्हातारा हसला. मार्तंडाचे कान तापले.

“बुवांना सांगा, सारजा बरी झाली,” ती म्हणाली. “तुमच्याच हातानं झाली. आता मला बाजार करू द्या.”

मार्तंड परत आला.

“येत नाही म्हणते. बरी आहे म्हणते. औषधानं याहून जास्त काय करायचं असतं, बुवा?”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. “अक्कलकारा कधी चाखलास?”

“कुटलाय. मणभर कुटला असेल.”

“चाख.”

“मला काही दुखत नाही.”

“चाख रे.”

मार्तंडानं सारजाला दिली तशीच चिमूट घेतली, पण मोठी. बुवांना दाखवायची म्हणून घेतली. गालाच्या आत दाबून धरली. जीभ चुरचुरली. तोंड पाण्यानं भरलं. त्यानं बाहेर जाऊन थुंकलं, पुन्हा येऊन बसला. हळूहळू जीभ जड झाली, मग गाल गेला, मग ओठाची कड.

“कसं वाटतंय?”

“काहीच वाटत नाही,” तो बोबडं बोलला. “हेच तर औषध.”

“जेवून घे मग.”

बुवांनी सकाळची ज्वारीची भाकरी आणि दही त्याच्या पुढ्यात ठेवलं. भाकरी कडक झाली होती. मार्तंडाला भूक होती. तो चावून चावून खाऊ लागला. खाता खाता बोलतही होता. आपण कुठल्या गावी बसणार, तिथं लोक कसे तंबाखूची मिश्री लावून हिरड्या सडवून घेतात, आपण त्यांना बाभळीच्या दातणाची सवय कशी लावणार. मंजनाच्या नावाखाली जाळलेली तंबाखू घासणाऱ्या बायांना कुणीतरी हात धरून थांबवायला हवं की नको?

“हवं,” बुवा म्हणाले. ते त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

मार्तंडानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. दह्यात तांबडा थेंब पडला. मग आणखी एक.

चटणी असेल, असं त्याला वाटलं.

ताटात चटणी नव्हती.

त्यानं ओठाला हात लावला. बोटं लाल झाली. हनुवटी ओली होती, पंच्यावर रक्ताची रेघ उतरली होती. त्यानं जीभ फिरवून पाहिली. जिभेला काही कळलं नाही. बोट आत घातलं तेव्हा गालाचा लोंबता तुकडा लागला. भाकरीबरोबर तो स्वतःचाच गाल चावत होता.

“दुखतंय?” बुवांनी विचारलं.

“नाही.”

“म्हणजे बरं आहे तुझं.”

मार्तंड ताटावरून उठला. हात धुतले नाहीत, तोंड पुसलं नाही. पायऱ्या दोन-दोन करून उतरला.

काळीपिवळीत अजून एक सीट रिकामी होती.

“अगं बया,” सारजा म्हणाली. “कुणी मारलं?”

“कुणी नाही. मीच गाल चावला. कळलं नाही.”

“एवढं रक्त, आणि कळलं नाही?”

“तुम्हाला दिलं तेच मी घेतलंय.”

सारजाचा हात गालाकडे गेला.

“तोंड उघडा,” मार्तंड म्हणाला. “मी मघाशी बघायला हवं होतं. उघडा.”

गाडीतले सगळे बघत होते. सारजानं तोंड उघडलं. आत दुर्गंधी होती. शेवटच्या दाढेभोवतीची हिरडी जांभळी होऊन फुगली होती. मार्तंडानं कडेनं हलकेच दाबलं, तर पिवळा पू वर आला. दाढ बोटाखाली हलली. सूज जबड्याकडे उतरली होती.

सारजा त्याच्याकडेच बघत होती. “मला तर काही दुखंना,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

“याला माझ्याकडे काही नाही,” मार्तंड म्हणाला. “आमच्या कुठल्याच झाडात नाही. दातांच्या डॉक्टरकडे चला.”

“आणि माझा बाजार?”

“बुडेल.”

“मघाशी पाया पडले त्याचं हे फळ का?” ती म्हणाली, आणि बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. सीट भरली. गाडी निघाली.

तालुक्याच्या दवाखान्यात दाढ काढली. पू काढला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि इतके दिवस काय करत होता, असं विचारलं. सारजानं मार्तंडाकडे पाहिलं. मार्तंडानं मान खाली घातली. परतताना तिच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. टोपलीतल्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

दिवेलागणीला मार्तंड मठात आला. बुवा दिव्याची वात सारखी करत होते.

“काढली?”

“काढली. पू जबड्यात उतरत होता.”

“रडली?”

“भूल उतरल्यावर. वाटेत.”

“चांगलं झालं.”

मार्तंड बसला. त्याच्या गालातली बधिरता केव्हाच गेली होती. गाल आतून सुजून दातांना लागत होता. थुंकी गिळली तरी आग होत होती. सकाळचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. त्याच्याकडे त्याला पाहवेना.

बुवांनी कमरेचा बटवा सोडला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. बोलले काही नाहीत.

मार्तंडानं बटव्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली तो बटवा समोर होता. हात पुढे झाला, आणि दोरीवरच थांबला. आत लवंग होती. अक्कलकारा होता. कुठल्या पुडीत काय, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

त्यानं दोरीची गाठ सोडली नाही. बुवांकडे वळून त्यानं तोंड उघडलं आणि दिव्याच्या उजेडात धरलं.

बुवांनी दिवा जवळ घेतला. बराच वेळ आत पाहिलं.

“फार दुखतंय, बुवा,” मार्तंड म्हणाला. “काही औषध द्या ना.”

बुवांनी दिवा जागेवर ठेवला.

“दिलंय.”