पातेल्याच्या काठावरचं नाव

"बाई, माझ्या बापाचं नाव कुठं गेलं?"

शांतवन वाघचौरे आमच्या ख्रिस्ती देवळाच्या ओट्यावर उभा होता. हातात जुनं तांब्याचं पातेलं. फिरवून फिरवून त्याचा काठ बघत होता.

सलोमीबाई मेथी निवडत बसल्या होत्या, मी शेजारी. लहानपणी त्यांनीच ह्याला संडे स्कूलला शिकवलेलं. आता ऐंशी उलटली, तरी देवळाची भांडी त्यांच्याच ताब्यात.

"गेलं घासून," बाई म्हणाल्या.

"घासून?"

"चाळीस वर्षं राख आणि चिंच. राहील होय?"

ते पातेलं ह्याच्या बापानं, योसेफनं, देवळाला दिलेलं. काठावर ठोकून अक्षरं घातली होती: योसेफ शेटीबा वाघचौरे यांजकडून देवळास. मी स्वतः पाहिली होती. आता तिथं बोट फिरवलं तरी काही लागत नाही.

शांतवन पुण्यात बिल्डर झाला. माणूस वाईट नाही, पण बोलताना हनुवटी वर. त्या दिवशी जीपमधून नवं पातेलं घेऊन आला होता. बापाच्या दुप्पट. त्यावर स्वतःचं नाव, अंगठ्याएवढ्या अक्षरांत.

"ह्या नव्याचं तसं होता कामा नये. कपाटात ठेवा, कुलूप लावा. वर्षातून एकदा, नाताळला काढा."

"मग कपाटच द्यायचंस की."

मला हसू आलं. त्यानं माझ्याकडं डोळे वटारले. वटारू दे.

"चेष्टा नको, बाई. मला मूलबाळ नाही, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यामागं वाघचौरे म्हणायला कोणी नाही. देवानं दिलं, त्यातलं देवाला देतोय. एवढं नाव तरी..."

बाईंनी मेथीच्या दोन काड्या मोडल्या.

"मी तुला काय शिकवलं होतं रे? आपण कोण?"

"कारभारी."

"आणि मालक?"

त्यानं वर बोट केलं. पन्नाशीचा बाप्या, पण अगदी शाळेतल्यासारखं.

"मग मालकाच्या वस्तूवर कारभारी स्वतःचं नाव घालतो का?"

"माझ्या बापानं घातलं होतंच की!"

"घातलं होतं. मी घासलं."

...

शांतवनचे कान लाल झाले. त्यानं जुनं पातेलं काखेत मारलं.

"मग हे मी घेऊन जातो. तुमच्यापेक्षा माझ्या घरी नीट राहील."

"ने."

बाई इतक्या सहज सोडतील असं मला वाटलं नव्हतं. त्या पातेल्यात माझ्या लग्नाचा भात शिजला होता.

तो पायऱ्या उतरला. तेवढ्यात फाटकातून भिवा सुतार घाईघाईनं आत आला. हा पलीकडच्या आळीतला, आपल्या देवळाचा नव्हे.

"बाई, योसेफ मोकळा आहे का?"

शांतवन जागीच थांबला.

"परवा पोरीचा साखरपुडा आहे," भिवा म्हणाला. "योसेफ सुलेमानच्या घरी गेला होता म्हणे. आला का परत?"

"आला. पण चालला आता." बाईंनी बोट दाखवलं.

भिवानं काखेतलं पातेलं पाहिलं. "अहो पाव्हणं, योसेफला कुठं घेऊन निघालात?"

"योसेफ कोण, ठाऊक आहे का तुला?" शांतवननं विचारलं.

"कोण म्हणजे? तीन पायली तांदूळ शिजतो, ते पातेलं. सगळं गाव योसेफच म्हणतं."

"माणूस होता तो."

"असेल की." भिवानं डोकं खाजवलं. "चांगलाच असणार बघा. एवढ्या वर्षांत कधी भात लागला नाही त्याच्या बुडाला."

...

शांतवन तिथंच पायरीवर बसला. पातेलं मांडीवर. हसत होता का रडत होता, मला कळलं नाही. डोळ्यांनी कमी दिसतं हल्ली.

शेवटी उठला. पातेलं भिवाच्या हातात दिलं.

"घासून आण. चांगलं घासून."

मग जीपमधलं नवं पातेलं स्वतः उचलून आणलं. वजनदार होतं, धाप लागली त्याला. बाईंच्या पुढं ठेवलं. कुलपाची गोष्ट काढली नाही.

"बाई... लोक ह्याला काय म्हणतील?"

बाईंनी मेथीची दुसरी जुडी सोडली.

"आधी चुलीवर तर चढू दे."