राही परटिणीची दोरी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नक्की किती वर्षांपूर्वीची, ते करंजडोहात कुणाला विचारू नका. ज्याला विचाराल तो आपल्या आजोबांच्या वयात पणजोबांचं वय मिळवून सांगेल. एवढं मात्र खरं, की तेव्हाही उन्हाळा होता, तेव्हाही पोरं होती, आणि दुपारी जेवून आडव्या झालेल्या मोठ्या माणसांना पोरं कुठे आहेत हे तेव्हाही ठाऊक नसायचं.

चैत्र सरला की नदी आटायची. गावाखाली एका जुन्या करंजाच्या झाडापाशी तेवढा एक डोह उरायचा. हिरवा, गार आणि खोल. गावातल्या सगळ्या बाजांचं सुंभ सोडून एकाला एक जोडलं तरी तळ लागत नाही, असं म्हणतात. पोरं दुपारभर त्या डोहात असायची. आणि एखाद्या उन्हाळ्यात त्यातलं एक वर यायचं नाही.

गावाने यावर विचार केला होता. डोहात साती आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी. एखादं पोर आवडलं की त्या ते ठेवून घेतात, असं दगडू गुरव सांगायचा. मग आसरांना नारळ आणि हिरवं लुगडं वाहायचं. नारळ डोहात जायचा. लुगडं पुढे गुरवाच्या अंगणात वाळत घातलेलं दिसायचं. शिवाय एक नियम होता. आसरांनी धरलेलं पोर सोडवायला कुणी पाण्यात उतरायचं नाही, नाहीतर गावावर कोप होतो. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांना हा नियम विशेष पटायचा.

डोहाच्या काठावर राही परटीण गावाचे कपडे धुवायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगा, भिवा. एका दुपारी तिला खडकावर एक लहानसा सदरा पडलेला दिसला. कपडे असे वाटेल तिथे टाकून जायची गावाला सवयच होती. आणि मळका सदरा दिसला की परटिणीचा हात आपोआप पुढे होतो. राहीने तो उचलला, खळबळला, दगडावर आपटला, पिळला आणि दोरीवर टाकला. टाकताना खांद्यावरचं ठिगळ उघडं झालं. ते तिने स्वतःच लावलेलं होतं.

तिने वळून डोहाकडे पाहिलं. पाणी अगदी शांत होतं.

गाव समजूत घालायला आलं. गुरव म्हणाला, "राहे, रडू नगंस. आसरांनी निवडला तुझा भिवा. नशीब लागतं त्याला."

"निवडायला त्या काय वांगी घेत हुत्या बाजारात?" राही म्हणाली.

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून गाव घरी गेलं. राहीचं मन मात्र आसरांपाशी नव्हतंच. सदरा हातात आला तेव्हा "कुणाचा गं हा?" एवढं जरी आपण विचारलं असतं, तर पाण्याकडे तेव्हाच पाहिलं असतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. ते तिच्या कपाळावर लिहिल्यासारखं सगळ्यांना दिसायचं, असं म्हणतात.

पुढच्या उन्हाळ्यात राहीने करंजाला दोरी बांधली आणि दुसरं टोक खुंटाला. पोरं आली तशी ती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"सदरा दिल्याबिगर पान्यात जायाचं न्हाई."

"का गं राहीआत्ते?"

"दोरीवर राहील. भाईर आलास की तुझा तू मागून घ्यायचा. आन् ज्याला पवता येत न्हाई त्यानं हे बांधायचं." तिने झोपडीवर कडू भोपळ्याचा वेल चढवला होता. वाळलेले भोपळे दोरीत ओवून ती लहानग्यांच्या कमरेला बांधायची. पोरं पाण्यात बुचासारखी तरंगायची.

संध्याकाळी दोरीवरचा एकेक सदरा हातात धरून ती विचारायची, "सदरा कुणाचा?" "माझा!" असं उत्तर आलं की सदरा जायचा. उत्तर आलं नाही की राही कासोटा घालून पाण्यात उतरायची. बहुतेक वेळा पोरगं झाडामागे लपून हसत असायचं. मग धोपटण्याने धोपटायला सदरे सोडून दुसरंही काही असतं, हे त्याला कळायचं.

आयाबायांनी राहीचं फार कौतुक केलं. पोरं जिवंत परत येतात म्हणून नव्हे. सदरे फुकट धुऊन येतात म्हणून. गावाला चांगली गोष्ट पटते, फक्त कारण दुसरं लागतं.

एका घराला मात्र तेही पटलं नाही. पाटलीणबाई म्हणाल्या, "आमच्या रंगूचा जरीचा अंगरखा साऱ्या गावाच्या फडक्यांत लोंबायचा? शोभंल का? आमचा गडी जाईल संगं, तो बघंल." गडी गेला. करंजाच्या सावलीत अंगरखा आणि टोपी उशाला घेऊन बसला, आणि बसल्याबसल्या आडवा झाला. वैशाखातल्या दुपारी सावलीने भल्याभल्यांना आडवं केलं आहे.

त्या दिवशी दोरीवरचे सगळे सदरे गेले. राहीने गाठोडं उचललं. निघता निघता तिने दोरीकडे पाहिलं. दोरी रिकामी होती, पण मधोमध ओला सदरा टाकल्यासारखी वाकली होती आणि तिच्यातून थेंब गळत होते, असं म्हणतात.

राहीने गाठोडं टाकलं. इकडेतिकडे पाहिलं. गड्याच्या डोक्याखाली जरीची टोपी चमकली.

"टोपी कुणाची रं?"

गडी दचकून उठला. "धाकल्या मालकांची."

"आन् मालक कुठंयत?"

गडी नुसता डोहाकडे पाहू लागला. एवढ्यात राहीच्या ओरड्याने गाव गोळा झालं. गुरव पुढे आला. "राहे, थांब! आसरांचा घास हाय. कोप हुईल!"

"झाला तर तुला पुढं करीन," राही म्हणाली. तिने दोरी सोडली, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं लोकांकडे फेकलं. "धरा!"

कुणी धरेना. मोठी माणसं कोपाचा विचार करत उभी राहिली. पाटलीणबाई स्वतःच्या पोटच्या पोरासाठी दोरीकडे धावल्या, तर त्यांनाही बायकांनी आवरलं. शेवटी आत्ताच सदरे घालून घरी निघालेल्या पोरांनी दोरी धरली. राही पाण्यात गेली.

ती खाली किती वेळ होती? भाकरी भाजून, खाऊन, हात धुऊन होतील इतका, असं म्हणतात. खाली सात बहिणी बसल्या होत्या आणि रंगू थोरलीच्या मांडीवर होता.

"पोर द्या," राही म्हणाली.

"घेऊन जा बाई!" थोरली म्हणाली. "आम्ही कुठं बोलावलं? तुमची पोरं तुमच्या डोळ्यांदेखत येऊन पडतात आणि नाव आमचं होतं. वर नारळ टाकता, तोही नासका."

"माझा भिवा?"

थोरलीने रंगूला मांडीवरून पुढे सरकवलं. मग म्हणाली, "तो आला तेव्हा आम्ही खालून वाट पाहिली गं. वरून कुणी विचारलंच नाही, कुणाचा म्हणून."

राहीने रंगूला उचललं आणि दोरीला हिसका दिला. पोरांनी ओढलं. रंगू बाहेर आला, पोटातलं पाणी ओकला आणि त्याने असं भोकाड पसरलं, की डोहावरचे बगळे उडाले. पाटलीणबाईंनी त्याला छातीशी धरलं. मग गड्याच्या हातातला जरीचा अंगरखा घेतला आणि झाडाला दोरी पुन्हा बांधून तो सगळ्यांदेखत दोरीवर टाकला. गावावर कोप झाला नाही. दगडू गुरवाच्या अंगणात मात्र पुन्हा हिरवं लुगडं वाळलं नाही. त्याचं म्हणणं, हाच कोप.

राही पुढे म्हातारी होऊन अंथरुणात साधी मेली. आख्यायिकेला हे शोभत नाही, म्हणून काहीजण ती डोहात आठवी बहीण होऊन राहिली असं सांगतात. करंजाखाली शेंदराचे सात दगड होते, ते आता आठ आहेत हे खरं.

अक्षय्यतृतीयेला आजही करंजडोहात दोरी बांधतात. आता तिच्यावर बनियन असतात, फ्रॉक असतात, एखादा चष्मासुद्धा असतो. पाळीपाळीने एक मोठं माणूस दोरीखाली बसतं, आणि दोरी रिकामी झाल्याशिवाय उठत नाही. पेंगलं, तर गाव वर्षभर त्याला 'पाटलाचा गडी' म्हणतं. नारळ अजूनही वाहतात, पण आधी कानाशी हलवून बघतात. पोराचा कपडा कुठेही पडलेला दिसला, तरी करंजडोहची बाई तो आधी उचलत नाही. आधी विचारते, कुणाचा?

आणि मृग लागायच्या आदल्या संध्याकाळी, दोरी सोडण्याआधी, तिच्यावर खांद्याला ठिगळ लावलेला एक लहानसा सदरा टाकतात. दोरीखाली बसलेलं माणूस तो हातात धरून विचारतं, "सदरा कुणाचा?"

सगळी पोरं एका सुरात सांगतात, "राहीच्या भिवाचा!"

मग दोरी सोडतात.