दहातला एक दाणा

माणसांनी कर शोधून काढला, त्याच्याही आधीची गोष्ट. बाभळीखालच्या वारुळात प्रत्येक मुंगीला दहातले तीन दाणे कोठारात द्यावे लागत. शेजारच्या वारुळात एकच द्यावा लागे, म्हणून तरण्या मुंग्या तिकडे पळाल्या. घाबरून राणीनेही एकच दाणा केला. मग खर्चाला कात्री लागली. राणीची पाठ खाजवणाऱ्या तिच्या भाच्या राहिल्या आणि भोकं बुजवणारी भागी गेली.

"भोकं काय, आपोआप बुजतात," राणी म्हणाली.

पळालेल्या मुंग्या वाजतगाजत परतल्या. भागी मात्र उपाशीपोटी बाभळीवर जाऊन बसली, कारण कोठारातल्या दाण्यांवरच तिचं पोट होतं.

तिसऱ्या दिवशी एक शेळी वारुळावर उभी राहून मोकळी झाली. धार थेट राणीच्या शेजघरात शिरली.

"भागाबाई, धावा हो! दोन दाणे देतो!" गळ्यापर्यंत बुडालेल्या मुंग्या ओरडल्या.

भागी फांदीवरून वाकून म्हणाली, "येते की. आधी शेळीचं उरकू द्या."