बिनआवाजाचं मशिन

“...आणि एकही पंखा नको असेल तर?”

मगदूम सरांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. आधीचे दोन हुसेन मिस्त्रींच्या कानापर्यंत पोचलेच नव्हते.

मिस्त्रींनी उमेदीची तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करण्यात घालवली. त्या खडखडाटात दोन्ही कान जवळजवळ गेले. मग त्यांनी कॉम्प्युटर जोडायला घेतले. मशिन सुरू केलं की ते कॅबिनेटवर तळवा ठेवून डोळे मिटतात आणि कुठला पंखा घासतोय ते सांगतात. गावातले निम्मे कारागीर त्यांच्या हाताखाली शिकलेत. पण कुणी गुरू म्हटलं की म्हातारा चिडतो.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, आता निवृत्त आहेत. सल्ला विचारायला आलो असं ते म्हणत होते. खोटं कशाला बोला, त्यांना शाबासकी हवी होती.

यादी चार पानांची होती. हॉलमध्ये एकच मशिन, मोठ्या पडद्यावर सिनेमाही त्याच्यावर आणि गेमही त्याच्यावरच. गेमसाठी दांडगं ग्राफिक्स कार्ड हवं. कार्ड दांडगं की ते तापणार, तापलं की पंखा फिरणार, आणि पंखा फिरला की सिनेमातल्या शांत प्रसंगाची माती होणार. सरांनी महिनाभर डोकं लढवून यावर तोड काढली होती. तांब्याच्या नळ्यांचा भलामोठा कूलर, पंख्यांखाली रबर, कॅबिनेटला आतून फोम. एवढं करून दोन पंखे उरत होते. तेच त्यांना सलत होते.

मिस्त्रींनी चारही पानं सावकाश वाचली.

“खेळणार कोण?”

“मुलगी.”

“आवाजावर एवढा राग का, सर?”

सर खाली बघून काहीतरी बोलले.

“माझ्याकडं बघून बोला. मोठ्यानं.”

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सांगायला लागले, आणि सगळं मोठ्यानंच सांगावं लागलं.

ऋजुता शेजारच्या खोलीत खेळायची. तिचं मशिन जुनं, घरघरणारं. सरांना वाचताना तो आवाज सहन होत नसे. रोज भिंतीवर थाप मारायचे. एका संध्याकाळी तिच्या स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती, चार गावांतले तिचे चार साथीदार तिच्या भरवशावर खेळत होते. सरांनी व्हरांड्यात जाऊन मेन स्विच खाली ओढला.

ती भांडली नाही. महिन्याच्या आत हैदराबादला नोकरी धरली. त्यानंतर आली ती आई गेल्यावर. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी बॅग उचलून निघाली. आता आईच्या वर्षश्राद्धाला येणार आहे, दोन दिवसांसाठी.

“मशिन असलं तर चार दिवस राहील,” सर म्हणाले. “कदाचित पुन्हाही येईल... पण आवाज नको. आवाज आला तर मी बोलेन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. ह्या खेपेला माझ्याकडून काही बोललं गेलं तर संपलंच.”

गिऱ्हाइकं शोकेसमधल्या कीबोर्डांकडे बघू लागली. मला विचाराल तर सर तेवढा वेळ मला आवडले.

मिस्त्री उठले. टेबलावर एक उघडं मशिन चालू होतं. त्यांनी सरांचा हात धरून त्याच्या पत्र्यावर टेकवला.

“काय लागतंय?”

“थरथर.”

मिस्त्रींनी बटण दाबलं. पंखे फिरत फिरत थांबले.

“आता?”

“काही नाही.”

“घरात असंच हाय न्हवं, वैनी गेल्यापास्नं?”

 सरांनी हात काढला नाही. पत्रा हळूहळू गार होत होता.

...

“पोरगी खेळायला बसली, की तुम्ही कुठं बसणार?”

“आत. माझ्या खोलीत,” सर म्हणाले. “दार लावून घेईन. मी समोर असलो की ती उठून जाते. त्या तेरा दिवसांत बघितलंय मी.”

“आणि सिनेमा?”

सरांनी यादीकडे पाहिलं. चार पानांत पडद्याचे इंच होते, सोफ्यापासूनचं अंतर होतं, स्पीकर कुठल्या कोपऱ्यात ठेवायचे तेही होतं. ती खेळत असेल तेव्हा आपल्याला सिनेमा बघता येणार नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना आत्ता सुचत होती.

“सिनेमा... दोघांनी मिळून बघावा, असं होतं मनात.”

“तिला विचारलं?”

“फोन उचलत नाही. तारीखसुद्धा मावशीकडून कळली.”

मिस्त्रींनी यादी पुन्हा हातात घेतली. मग कानावरचं पेन काढलं. तांब्याचा कूलर खोडला. रबर खोडलं. फोमवर दोनदा रेघ ओढली. खाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, ‘साधे पंखे, चार.’

सरांनी कागद ओढून घेतला. महिन्याची मेहनत मातीत गेली होती. रागानं त्यांचा आवाज चढला, आणि प्रथमच मिस्त्रींना त्यांचं बोलणं तोंडाकडे न बघता ऐकू आलं.

“अहो, याचा आवाज बंद दारातून आत येईल.”

मिस्त्रींनी यादी सरांच्या हातातून काढून घेतली, घडी घातली आणि त्यांच्याच खिशात ठेवली.

“पोरीचं तेवढंच यील, सर, तुमच्या वाट्याला.”