निळकड्यावरचं पुरण

निळकडा गडावर डाळ शिजत नव्हती. चुलीत अर्धं रान जळलं, तरी पाडव्याच्या पुरणात ती कचकच लागली आणि रणधीरराजांची दाढ दुखावली. दाढ राजाची, म्हणजे दोष आचाऱ्याचा.

"विसोबा, उद्या सूर्य माथ्यावर यायच्या आत मऊसूत पुरण हवं. डाळ हीच, पाणी हेच, सरपण एकच भारा. डाळ आधी भिजवायची नाही. नाही जमलं तर डोकं भादरून तुझी गाढवावरून धिंड!"

"सरकार, पायथ्याला हीच डाळ लोण्यासारखी..."

"म्हणजे दोष माझ्या गडाचा?"

दिवाणजींनी राजांच्या बाजूने मान डोलवली. त्यांच्याकडे मुख्य काम तेच होतं.

रात्री विसोबा डोकं धरून बसला. त्याची लेक अंबू म्हणाली, "बाबा, सरकार डाळीबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले. झाकणाबद्दल बोलायला विसरले. झाकण कधी पाहिलं असेल तर ना!"

सकाळी तिने जाड तांब्याच्या हंडीत डाळ-पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि फटीवर भिजवलेल्या कणकेचा जाड वेढा दाबला. मग दोन गडी लावून मसाला वाटायचा दगडी पाटाच झाकणावर चढवला.

दिवाणजी खो-खो हसले. "अगं, पाटा वाटायला असतो. झाकणाने काय गुन्हा केला?"

"काही नाही, दिवाणजी. त्याला नुसतं जागेवर बसून राहायचंय. दरबारात बसतात तसं."

जाळ लागला. हंडी गुरगुरू लागली. एकाएकी कणकेतून सूंऽऽ करून वाफ फुटली. अंबू दचकून मागे सरली, मग पदर सावरून तिने भोकावर कणकेचा गोळा थापला.

तेवढ्यात राजे आले. "उघड, बघू दे."

"आत्ता उघडलं तर झाकण सरकारांच्या मिशांना भेटायला येईल. विस्तव ओढते, हंडी निवू दे."

सात किल्ले जिंकलेले राजे दोन पावलं मागे गेले.

हंडी निवली, पाटा उतरला. अंबूने डाळीवर पळी दाबली आणि तिचा गोळा झाला. माध्यान्हीच्या आत गूळ घालून घोटलेलं पुरण राजांच्या ताटात होतं. दाढेला कामच उरलं नाही.

"कसला मंत्र घातलास?"

"वाफ कोंडली, सरकार. पायथ्याला हवा दाट. ती पाण्याच्या उरावर बसते, म्हणून पाणी चांगलं तापल्याशिवाय उकळत नाही. इथे हवा विरळ, दाबणारं कुणी नाही. थोडं तापलं की उकळतं आणि वाफ होऊन पळतं. वर कितीही लाकडं घाला, उघड्या हंडीत त्याहून तापत नाही. पाट्याने वाफ धरून ठेवली, मग पाण्याला मुकाट तापावं लागलं."

"म्हणजे इतक्या उंचावर बसलेलं पाणी..."

"लगेच उकळतं, सरकार. उसळतंही फार. शिजत मात्र त्यात काही नाही."

विसोबाने डोळे मिटले.

राजांनी विचारलं, "हे पाण्याबद्दलच बोललीस ना?"

"सरकारांनी पाण्याबद्दलच विचारलं होतं."

राजे असे हसले की मिशांना पुरण लागलं. दिवाणजीही हसले, पण कशाला ते त्यांना कळलं नव्हतं. राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून अंबूपुढे ठेवलं.

"मुदपाकखाना तुझ्या बापाच्या हुकमात. आणि तू उद्यापासून दरबारात येऊन बस, पोरी. तिथेही पाटा ठेवणारं कुणीतरी हवं."