शेवंतीने गिळलेला हुंकार

ऐका. एक होतं गलबलपूर. नावासारखंच गाव, बरं का! तिथे राजा बोले, राणी बोले, पिंजऱ्यातला पोपट तर झोपेतही बोले. आणि तिथली एक रीत होती. कुणी काही सांगायला लागलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. "हं! हो का? अगंबाई! मग?" नाही दिला तर सांगणारा फुरंगटायचा, भरल्या ताटावरून उठायचा. म्हणायचा, "माझं मेलं कुणी ऐकतच नाही!"

तिथली राजकन्या शेवंती. तिचा हुंकार सगळ्यांत मोठा. तिला एक धाकटा भाऊ होता, मुकुंद. नुकता दुडूदुडू धावायला लागलेला. शेवंतीचा त्याच्यावर भारी जीव.

एकदा काय झालं, भर दुपारी आभाळ काळं झालं. ढग? छे! गरुडीण! एक पंख ह्या डोंगरावर, एक पंख त्या डोंगरावर. गावावर घिरट्या घालू लागली, काहीतरी ओरडून सांगू लागली. पण खाली एकच गिल्ला! "आली रे आली! पळा रे पळा!" कुणी थाळ्या बडवल्या, कुणी धोंडे भिरकावले. मग ती सर्रकन खाली आली, अंगणातल्या मुकुंदाला अलगद उचललं आणि निवांतगडाच्या सुळक्यावर घेऊन गेली! राणीने हंबरडा फोडला. शेवंती अन्नाला शिवेना.

आता सुळक्याची वाट ठाऊक फक्त निवांतगडच्या साळूआजीला. मग प्रधानजी तिच्याकडे गेले. आजी सांगू लागली, "डाव्या अंगाने चढ..."

"हं!" प्रधानजी म्हणाले.

आजी गप्पच झाली. त्यांना गूळपाणी दिलं, रामराम केला. प्रधानजी चढले आणि गेले थेट करवंदीच्या जाळीत. धोतर तिथेच राहिलं हो! हसू नका, वारा केवढा होता.

मग सेनापती गेले. "डाव्या अंगाने चढ, जाळी लागली की खालून रांग..."

"वा वा! मग?"

आजी पुन्हा गप्प. पुन्हा गूळपाणी. सेनापती जाळीखालून रांगले ते निघाले कड्याच्या पायथ्याशी. पुढे वाटच नाही! कसेबसे परत आले आणि म्हणाले, "महाराज, ती माणसं आखडू. मुद्दाम अर्धंच सांगतात."

राजा तापला. "फौज काढा! गड लुटा!"

"बाबा, थांबा!" शेवंती म्हणाली. "फौज बघून गरुडीण मुकुंदाला घेऊन आणखी लांब उडाली तर? मी जाते."

मग शेवंती गेली. गडाच्या विहिरीवर दोन पोरी बसल्या होत्या. एक काहीतरी सांगत होती, दुसरी तोंड मिटून नुसती तिच्याकडे बघत होती. बघता बघता दुसरी म्हणाली, "हं." की पहिली लगेच थांबली आणि घागर उचलून चालू लागली. रुसवा नाही, फुगवा नाही.

शेवंतीने कपाळावर हात मारला. अगंबाई! इथे 'हं' म्हटलं म्हणजे 'कळलं, आता पुरे'! आजी कसली आखडू? आपलीच माणसं तिला थांबवत होती, आणि ती बिचारी मान राखून थांबत होती.

मग शेवंती आजीसमोर बसली. आजी सांगू लागली. डावं अंग झालं. शेवंतीच्या पोटातून हुंकार वर आला. गिळला! जाळी झाली. हुंकार गळ्यापर्यंत आला. गिळला! आजी म्हणाली, "कड्यावर वेल आहे, ती धरून वर जा." हुंकार नाकापर्यंत आला. नाकच धरलं पोरीने! डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आजीचं बोलणं संपलं. पण आजी उठेना, शेवंतीही हलेना. नुसती शांतता. मग आजीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी, मोठं ते आता सांगते. ती गरुडीण दुष्ट नाही गं. तिला काय हवंय, ते कुणी विचारलंय का?"

शेवंती चढली, रांगली, वेलीला लोंबकळली. घरट्यात बघते तर मुकुंद मजेत करवंदं खातोय! उचलावं आणि पळावं, असं तिला फार फार वाटलं. पण ती गरुडिणीसमोर बसली, तोंड मिटून.

गरुडीण रडायलाच लागली. "माझं पिल्लू तुमच्या गावात पडलंय गं. हाका मारत असेल, पण तुमच्या कलकलाटात मला ऐकू येत नाही. विचारायला आले तर धोंडे मारले. म्हटलं, ह्यांचं पिल्लू नेलं तर निदान कुणी येईल ऐकायला."

शेवंती धावली! ठेचकाळली, पुन्हा धावली! गावात येऊन नगारखान्यावर चढली. "चूप! सगळे चूप! मुकुंद हवाय ना? मग गरुडिणीच्या पिल्लाची हाक ऐका!"

आणि गलबलपूर गप्प झालं, बरं का! राजाने शेला तोंडात कोंबला. राणीने पोपटाची चोच धरली. पिंपळाचं पान हललं तेसुद्धा लोकांना ऐकू आलं. सगळे श्वास धरून उभे. कुठेच काही नाही.

आणि मग, मोठ्या नगाऱ्याच्या मागून, बारीकसं...

"चीं."

सापडलं! सुकलेलं, थरथरणारं, पण जिवंत! शेवंतीने ते दोन्ही हातांवर उंच धरलं. आभाळ पुन्हा काळं झालं, पण आता एकाही हातात धोंडा नव्हता. गरुडीण उतरली. तिच्या पाठीवर मुकुंद, तोंड सगळं जांभळं. पिल्लू आईच्या पंखाखाली शिरलं आणि मुकुंद ताईच्या कुशीत. शेवंतीने त्याला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला, "ताई, दुखतंय!" आणि अख्खं गाव हसता हसता रडलं.

मग सगळे आनंदाने राहिले. गरुडीण तिच्या घरी, मुकुंद त्याच्या घरी, आणि तुम्ही तुमच्या. घ्या पांघरुणं, मिटा डोळे.